भाड्याची मदत आणि परकेपणाची अट



तापीच्या उत्तर तीरावर बुऱ्हाणपूर आणि समोरच्या तीरावर जैनाबाद. शहाजहानची बेगम मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिचे पहिले दफन या जैनाबादच्या बागेत झाले व काही महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. नोकरीच्या निमित्ताने मी आपले कॉलेज सोडून इकडे आलो आणि या गावातच स्थिरावलो. इतिहासाविषयी लिहावे असे या गावात पुष्कळ आहे; परंतु आज मी एका रूक्ष विषयावर लिहिणार आहे. शिक्षणासाठी घर सोडणाऱ्याला राहण्याच्या खर्चाची मदत कोण देतो, कोणाला देतो, आणि त्याच्यासोबत पती वा पत्नी असल्यास काय होते, हा तो विषय होय.

माझ्या गल्लीतील दोन मुले एकाच वर्षी बारावी झाली. दोघेही अनुसूचित जातीचे, दोघांच्याही घरची मिळकत बेताची. एक इंदुरास शिकावयास गेला. मध्यप्रदेश शासनाची ‘आवास सहायता’ नावाची योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या, भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ती आहे. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर व उज्जैन येथे दरमहा २००० रुपये, अन्य जिल्ह्यांच्या ठिकाणी १२५० रुपये आणि तहसील वा विकासखंडाच्या ठिकाणी १००० रुपये असे तिचे दर ठरविण्यात आले. त्या मुलाला ही मदत मिळाली. दुसरा मात्र मराठीतून शिकता येईल म्हणून सरहद्द ओलांडून जळगावास गेला. तेथे महाराष्ट्र शासनाची २०१६-१७ पासूनची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीही वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच. पण अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असला पाहिजे. आमचा मुलगा रहिवासी मध्यप्रदेशचा. इकडच्या दरपत्रकात जळगाव नाही आणि तिकडच्या यादीत जैनाबाद नाही. त्याची गरज पहिल्या मुलाइतकीच होती, कदाचित थोडी अधिकच.

याच्या मुळाशी एक तत्त्व आहे. जातीचा दाखला राज्याच्या हद्दीबाहेर तसाच चालत नाही. एका राज्यात अनुसूचित म्हणून मान्यता मिळालेल्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यात गेल्यावर तेथील सवलती आपोआप मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात सांगितले. म्हणजे मदतीच्या दाराशी पहिला प्रश्न ‘तुला गरज किती?’ हा नसतो. ‘तू कोणाच्या जबाबदारीचा?’ हा असतो. ज्या नियतकालिकात मराठी आणि कन्नड पाने एकाच शिलाईत बांधली जातात, त्याच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हाच प्रश्न परदेशात किती काटेकोरपणे विचारला जातो, हे मला गेल्या वर्षी एका दूरध्वनीमुळे कळले. शेजारची एक मुलगी पीएच.डी.च्या संशोधनासाठी इंग्लंडात गेली आहे. तिचा नवराही तिच्याबरोबर आहे. (१ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी पती-पत्नीस सोबत नेण्याची मुभा मुख्यत्वे संशोधक विद्यार्थ्यांनाच उरली आहे, एक वर्षाच्या एम.ए.ला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) ती म्हणाली, “काका, इथे घरभाड्यातच सगळे पैसे जातात. ओळखीचे लोक म्हणतात, सरकारकडे हाउसिंग बेनिफिट मागा. मी नाही तर निदान यांनी तरी अर्ज करावा का?” मी म्हटले, “दोन दिवस थांब. अर्जावर सही करू नकोस.” त्या दोन दिवसांत मी जे वाचले त्याचे सार पुढे देतो.

ब्रिटनमध्ये भाड्यासाठी साहाय्य देणारी हाउसिंग बेनिफिट ही योजना १९८२ च्या कायद्याने आली. स्थानिक नगरपालिका ती चालवतात. २०१३ पासून तिची जागा क्रमाक्रमाने युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित मदतीने घेतली. आता जुनी योजना मुख्यत्वे निवृत्तिवय गाठलेल्यांसाठी व काही विशेष प्रकारच्या निवासांसाठी उरली आहे. इतरांना भाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिटमधूनच मिळते.

या मदतीच्या दाराला विद्यार्थ्यापुरती दोन कुलपे आहेत. पहिले कुलूप विद्यार्थीपणाचे. १९९० पासून पूर्णवेळ विद्यार्थ्यांना, मग ते ब्रिटिश का असेनात, भाड्याच्या मदतीतून सामान्यतः वगळण्यात आले. मूल सांभाळणारे, अपंग असे काही अपवाद आहेत. दुसरे कुलूप परकेपणाचे. १९९९ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने, ज्यांच्या वास्तव्याच्या परवान्यावर ‘सार्वजनिक निधीचा आधार घेता येणार नाही’ अशी अट असते, त्यांना अशा साहाय्यातून बाहेर ठेवले आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या आणि त्याच्यासोबत आलेल्या जोडीदाराच्याही परवान्यावर ही अट असते.

येथे विद्यार्थ्यांची गल्लत होते. जोडप्याचा विचार एकत्र होत असला तरी पात्रता प्रत्येकाची वेगळी तपासली जाते. तीन उदाहरणे घेऊ.

उदाहरण पहिले : पत्नी परदेशी विद्यार्थिनी, पती तिच्या परवान्याच्या आधारे आलेला. दोघांनाही अट लागू. कोणीही अर्ज करू नये. आमच्या मुलीचे प्रकरण हेच.

उदाहरण दुसरे : पत्नी परदेशी विद्यार्थिनी, पती मात्र ब्रिटिश नागरिक किंवा तेथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला. पती स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये त्याला एकट्याचा दर लावतात. परंतु पत्नीची मिळकत व शिल्लक हिशेबात धरतात. पतीला मिळणाऱ्या मदतीवर पत्नी काही अंशी जगली, तर एवढ्यावरून तिने अट मोडली असे होत नाही. मात्र तिच्या तेथे असण्यामुळे मदतीची रक्कम वाढली, तर अट मोडली असे धरले जाऊ शकते. म्हणून अशा घरात अर्जापूर्वी जाणकाराचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

उदाहरण तिसरे : पती ब्रिटिश, पण तोच पूर्णवेळ विद्यार्थी, पत्नी भारतातून अटीसह आलेली. पत्नी परकेपणामुळे बाहेर आणि पती विद्यार्थीपणामुळे बाहेर. अपवादात बसत नसल्यास त्या घराला काहीच मिळत नाही.

जोडपे म्हणजे केवळ विवाहित असेही नव्हे. पती-पत्नीप्रमाणे एका घरात राहणारेही तेथे जोडपेच धरले जातात. ‘आमचे लग्न झालेले नाही’ एवढे लिहून कोणी सुटत नाही.

अट मोडल्यास वास्तव्याची मुदतवाढ नाकारली जाऊ शकते, परवानाही आखूड होऊ शकतो. चार महिन्यांच्या भाड्यासाठी चार वर्षांचे संशोधन पणाला लावण्यासारखे ते होते. मी मुलीला तसे कळविले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आम्हाला काहीच नाही?”

तसेही नव्हे, आणि हा भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो. मदत घेणे वेगळे आणि कर न लागणे वेगळे. तेथे प्रत्येक घरावर कौन्सिल टॅक्स असतो. आपल्याकडील घरपट्टीसारखा, परंतु तो सामान्यतः राहणाऱ्याला भरावा लागतो. ज्या घरात केवळ पूर्णवेळ विद्यार्थी राहतात, ते घर या करातून मुक्त आहे. विद्यार्थ्याचा पती वा पत्नी ब्रिटिश नसेल आणि परवान्याच्या अटींमुळे तिला नोकरी करण्यास किंवा सरकारी मदत मागण्यास मनाई असेल, तर तिच्यामुळेही ही सूट जात नाही. नियमातील हा ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. जोडीदार नोकरी करीत असला तरी मदत मागण्याची मनाई त्याला असतेच. ही सूट सार्वजनिक निधीत मोडत नाही. म्हणून ती मागताना भिण्याचे कारण नाही. या दांपत्याच्या घरी कराचे बिल येऊन पडले होते आणि ते निमूटपणे हप्ते भरीत होते! विद्यापीठाचे प्रमाणपत्र जोडून त्यांनी सूट मागितली व ती मिळाली. शिवाय नवऱ्याला काम करण्याची परवानगी होती. त्याने एका कोठारात नोकरी धरली. भाड्याचा प्रश्न असा सुटला.

सर्व देशांचा नियम एकच नाही. नेदरलँड्समध्ये वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही, घर स्वतंत्र असल्यास व मिळकत मर्यादेत असल्यास, भाड्याचे अनुदान मिळू शकते. पण जोडीदाराचे वास्तव्य कायदेशीर नसेल, तर सगळ्या घराचा हक्क जातो. तेव्हा एका देशातील मित्राचा अनुभव दुसऱ्या देशात चालवू नये. आपल्याकडील परदेश-शिष्यवृत्त्यांतही हे पाहावे लागते. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय प्रवासी शिष्यवृत्तीत विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता असतो. सोबत जाणाऱ्या पती-पत्नीचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा असतो.

थोडक्यात, घर सोडण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर लिहावेत. माझ्या परवान्यावर वा दाखल्यावर कोणती अट आहे? जोडीदाराच्या कागदावर कोणती आहे? मी जे मागतो ती मदत आहे की करातील सूट? आणि माझ्या मागणीने दुसऱ्याच्या हक्काला धक्का लागतो काय? यांची उत्तरे शेजाऱ्याकडून घेऊ नयेत. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी सल्लागार असतो, त्याच्याकडून घ्यावीत.

शेवटी जळगावच्या त्या मुलाकडे वळतो. इंग्लंडात गेलेल्या मुलीला तिचे परकेपण निदान आधी लेखी कळविलेले होते. आमच्या मुलाला ते खोली घेतल्यावर, दोन महिन्यांचे भाडे थकल्यावर, खिडकीपाशी कळले. तो आता सकाळी एका दुकानात हिशेब लिहितो आणि दुपारी वर्गात बसतो. सरहद्दीवरील विद्यार्थ्याची जबाबदारी दोन राज्यांपैकी एकाने तरी घ्यावी, हे माझे मत आहे. ते अमलात येईल तेव्हा येवो. तोपर्यंत प्रत्येक सीमाभागातील कॉलेजने प्रवेशाच्या खिडकीवर एवढी पाटी तरी लावावी, की कोणत्या गावच्या विद्यार्थ्याला कोणती मदत मिळेल आणि कोणती मिळणार नाही. तिला खर्च एका खडूचा आहे.