फुटके कौल वेळीच बदला

मृगाच्या पेरणीसाठी आपण बियाणे, खते, अवजारे यांची तजवीज महिनाभर आधी करतो. मात्र हे सारे ज्या छपराखाली ठेवायचे, त्या छपराकडे मान वर करून पाहायचे राहून जाते. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून राखलेले असते. नेमक्या त्याच थप्पीवर फुटक्या कौलातून पहिल्या पावसाचे पाणी ठिबकते. सोयाबीनचे टरफल नाजूक असल्यामुळे एकदा भिजलेला दाणा वाळवला तरी त्याची उगवण भरवशाची राहत नाही. ज्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी, ते ऐन पेरणीच्या तोंडावर हातचे जाते. नुकसान होते पोत्याचे आणि कारण असते एक कौल.

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद म्हणजे नवा जालना. या भागातील जुनी घरे मुख्यत्वे माळवदाची आहेत. तरी कौलारू ओसऱ्या, गोठे आणि शेतातील आखाडे आजही आढळतात. कौल फुटते ते वानरांच्या उड्यांनी, झाडाच्या फांदीने किंवा गारपिटीने. मार्च २०१४ आणि फेब्रुवारी २०१८ मधील गारपीट जालना जिल्ह्याने अनुभवलेली आहे. पुष्कळदा तडा बारीक असतो, तो खालून दिसत नाही आणि पावसाळ्यातच कळतो.

गळती कोठे आहे, हे आधी नीट शोधावे. पाणी जेथे ठिबकते तेथेच कौल फुटलेले असते असे नाही. ते वाशावरून किंवा रिपेवरून उताराने दोन-चार हात खाली येऊन मग पडते. म्हणून ठिबकण्याच्या जागेपासून आढ्याच्या दिशेने वर तपासत जावे. भर दुपारी दारे-खिडक्या बंद करून आत उभे राहिल्यास फटीतून उजेड दिसतो. त्या ठिकाणी रिपेवर खडूने खूण करावी. रीप किंवा वासा काळा पडला असेल, टोचणी सहज आत जात असेल किंवा वाळवीची माती दिसत असेल, तर आधी लाकूड बदलावे. कुजक्या रिपेवर नवे कौल टिकत नाही.

कौल आणताना फुटक्याचा तुकडा बरोबर न्यावा. मंगळुरी कौलाचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. पुढे अनेक ठिकाणी असे कारखाने निघाले, पण सगळ्यांचे माप एक नाही. दोन-चार सुतांचा फरक असला तरी खाचेत कड बसत नाही आणि तेथूनच नवी गळती सुरू होते. कौल बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर तडा गेलेला किंवा कच्चे भाजलेले समजावे. शंका असल्यास कोरडे कौल तोलून रात्रंदिवस पाण्यात ठेवावे आणि पुन्हा तोलावे. वजन पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढले तर ते कौल घेऊ नये. पाडलेल्या जुन्या वाड्याची कौले चांगली असतील तर ती जरूर घ्यावीत, माप जुळण्याची शक्यता त्यातच अधिक.

काम चैत्र-वैशाखात, सकाळच्या वेळी करावे. ओल्या छपरावर चढू नये. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या चौथाईइतका दूर ठेवावा, शिडी वळचणीच्या वर तीन फूट यावी आणि खाली माणूस धरायला असावा. कौलावर थेट पाय देऊ नये. आढ्याला दोराने बांधलेली आडवी शिडी किंवा फळी टाकून तिच्यावरून जावे. खांबावरून घरात येणारी विजेची तार छपराजवळ असेल तर विशेष जपावे. घरातील मेन स्विच बंद केला तरी त्या तारेतला प्रवाह बंद होत नाही, हे बरेच जण विसरतात. कौलाखाली विंचू असतो, तेव्हा हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे.

मंगळुरी कौल बदलताना फुटक्या कौलावर चढलेली वरची आणि बाजूची कौले थोडी उचलून त्यांखाली लाकडी पाचरी सारवाव्यात. मग फुटके कौल खालच्या टोकाला धरून किंचित वर उचलावे, म्हणजे त्याच्या मागच्या गाठी रिपेवरून सुटतात, आणि ते आपल्याकडे ओढून घ्यावे. तुकडे आत पडतात, म्हणून खाली माणूस किंवा जनावर असू नये. रिपेवरील माती व पाला झाडून नवे कौल त्याच वाटेने वर सरकवावे. गाठी रिपेत अडकल्या की खाली थोडे ओढून खात्री करावी, बाजूची कड खाचेत बसवावी आणि पाचरी काढून वरची कौले सोडावीत.

नळीच्या कौलांना (काही गावांत कवेलू म्हणतात) गाठी नसतात. ती एकमेकांच्या भाराने टिकतात. त्यामुळे एक काढताना ओळ घसरते. अशा छपराचे पूर्ण पाखे आढ्यापासून खाली उतरवून वळचणीपासून वर पुन्हा रचावे. दरवर्षी कौले चाळण्याची जुनी पद्धत याचसाठी होती.

तड्यावर सिमेंट थापणे हा उपाय नव्हे. सिमेंट आणि भाजलेली माती उन्हात सारखी फुगत नाहीत, एक-दोन उन्हाळ्यांत थर सुटतो. भर पावसात गळू लागले तर पत्र्याचा पातळ तुकडा वरच्या कौलाखाली सरकवून फुटक्या कौलावर येईल असा घालावा आणि उघडीप मिळताच कौल बदलावे. एकाच मापाची पंधरा-वीस कौले गोठ्याच्या कोपऱ्यात उभी रचून ठेवावीत, आडवी थप्पी लावल्यास खालची फुटतात.