मुलगा कादंबरी लिहितोय, आता काय करायचं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हेदवीत करिअरवर माझं बोलून झालं, पालक पांगले आणि एक बाप मागे थांबला. नर्सिंग, आयटीआय, मर्चंट नेव्ही हे सगळं इतरांनी विचारून झालं होतं. त्याचा प्रश्न चारचौघांत विचारायची त्याला लाज वाटली असावी. "सर, पोरगा कादंबरी लिहितो. बारावीला आहे. ह्याचं पुढे काय होतं?" पोरगा दाराशी उभा होता, हातात दोनशेपानी वही.

हा प्रश्न मला मेडिकलच्या प्रवेशाइतकाच गंभीर वाटतो. तो हसण्यावारी नेला की मूल लिहिणं थांबवत नाही, फक्त घरात सांगणं थांबवतं. म्हणून जरा सविस्तर.

आधी पैशाचं बोलू. समजा पुस्तकाची किंमत 300 रुपये, रॉयल्टी 10 टक्के आणि आवृत्ती 500 प्रतींची. शेवटची प्रतसुद्धा विकली गेली तर लेखकाच्या हातात 15,000 रुपये पडतात, तेही वर्षाकाठच्या हिशेबाने तुकड्यातुकड्याने. दोन-तीन वर्षांच्या मेहनतीचे. यावर घर चालत नाही, हे मुलाला स्वच्छ सांगावं. पण त्याला जोडून "म्हणून लिहू नकोस" असं म्हणू नये, कारण नोकरी करूनही लिहिता येतं.

कादंबरीकार श्री. ना. पेंडशांचंच बघा. ते याच रत्नागिरी जिल्ह्यातले, मुर्डीचे. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलं की त्यांचा दापोली तालुका लागतो. जन्म 1913चा. मुंबईत त्यांनी 'बेस्ट'मध्ये नोकरी केली. पहिलं पुस्तक 'खडकावरील हिरवळ' 1941 साली आलं, ती होती शब्दचित्रं. पहिली कादंबरी 'एल्गार' 1949 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. मग 1950 साली 'हद्दपार', 1952 साली 'गारंबीचा बापू' आणि 1963 साली 'रथचक्र'ला साहित्य अकादमी पुरस्कार. महिन्याचा पगार येत होता, म्हणून बाजारात काय खपतं ते बघून लिहायची त्यांच्यावर वेळ आली नाही, असं मला वाटतं. आज राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीचा पुरस्कार आहे तो श्री. ना. पेंडसे यांच्याच नावाने.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर तुळजापूरचे देवीदास सौदागर. शिवणकाम करून पोट भरणारा हा माणूस. तयार कपड्यांच्या लाटेत शिंप्याचा धंदा कसा उसवत जातो, ते त्यांनी 'उसवण' या कादंबरीत लिहिलं आणि 2024 साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळवला. शिलाई मशीनवर बसल्याशिवाय ती कादंबरी सुचली नसती. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली तेव्हा ते पंचविशीत होते, तेव्हा लवकर जमतं असंही कुणी म्हणेल. जमतं एखाद्याला. पण पुढे त्यांनीही प्राध्यापकी केली.

तेव्हा शिक्षणाची निवड करताना माझा सल्ला असा की पोट भरेल आणि माणसं भेटतील असं काहीही चालेल. मराठी किंवा इंग्रजी घेऊन बी.ए. केलं तर अनुवाद, मुद्रितशोधन, पत्रकारिता, शिक्षकी या वाटा मिळतात. पण पोस्टात, बँकेत, मत्स्यखात्यात लागलेला मुलगाही कादंबरीकार होतो. लेखक व्हायचं म्हणून साहित्याचीच पदवी हवी, हा गैरसमज.

त्या मुलाची वही मी तिथेच उघडली. पहिल्याच पानावर हेदवीच्या बामणघळीचं वर्णन होतं. खडकाच्या चिरेत लाट घुसते आणि पाणी कारंज्यासारखं वर उसळतं, तेच. वर्णन चांगलं होतं, पण रात्र अष्टमीची होती. बापाने माझ्या खांद्यावरून वाचलं. त्याने ती वही कधी उघडलीच नव्हती. तो म्हणाला, "अष्टमीला कुठलं एवढं पाणी उडायला? भांग असतो तेव्हा, भरती थोडीच. अवसेचं उधाण घाल." मुलाने तिथल्या तिथे अष्टमी खोडली. दुसरं मी दाखवलं: त्याची आजी वहीत पाठ्यपुस्तकातल्यासारखी बोलत होती. घरी कशी बोलते विचारल्यावर त्याने जे बोलून दाखवलं, ते वहीत कुठेच नव्हतं. पहिल्या कादंबरीत बहुतेकांकडून हेच होतं. पहिला खर्डा झाल्यावर वही महिनाभर बाजूला ठेवावी आणि मग हे सगळं पुन्हा लिहावं. त्याला सहा महिने लागले तर लागू द्यावेत.

मग छापण्याचं. संहिता युनिकोडमध्ये टाइप करावी. आपल्यासारखी पुस्तकं कोण काढतं, ते ग्रंथालयात बसून शोधावं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं आहे, 2021च्या महापुरात भिजूनही उभं राहिलेलं. एस.टी.ने जाऊन एक दिवस तिथे काढावा, आवडलेल्या दहा कादंबऱ्यांची प्रकाशनं वहीत टिपावीत. त्यांना एक पानाचं पत्र, कथानकाचा गोषवारा आणि पहिली दोन-तीन प्रकरणं पाठवावीत. उत्तराला महिने लागतात. नकार आला तर त्यावरून मुलाची किंमत घरात कुणी करू नये, ही पालकांना हात जोडून विनंती.

ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. अकादमीच्या युवा पुरस्काराला वयाची मर्यादा पस्तीस. म्हणजे बारावीच्या मुलाकडे सतरा-अठरा वर्षं आहेत.

आता जे मला पोटतिडकीने सांगायचंय ते. लेखकाने प्रकाशकाला पैसे द्यायचे नसतात. माझ्या पहिल्या कादंबरीच्या वेळी मी ते दिले. वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून. प्रकाशकाने चारशे प्रती खोक्यांत भरून घरी पाठवल्या. दुकानात एकही ठेवली नाही. पावसाळ्यात खालच्या खोक्याला वाळवी लागली, तेव्हा वडील काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं अजून आठवतं. "एवढ्या प्रती तुम्ही विकत घ्या", "छपाईला हातभार लावा" हीसुद्धा पैसे मागण्याचीच रूपं. स्वतःच छापायचं असेल तर सरळ छापखान्यात जावं. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतो.

करार वाचल्याशिवाय सही नको. 1957च्या कॉपीराइट कायद्याने लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचा, नोंदणी असो-नसो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं कायदा धरतो. म्हणूनच काही करारांत "कायमस्वरूपी" हा शब्द घुसवलेला असतो. तो खोडायला सांगावा. नाटक, सिनेमा, अनुवाद, ऑडिओ यांचे हक्क वेगळे लिहून घ्यावेत. मूल अठराच्या आतलं असेल तर सही पालकाची लागते, तेव्हा हे वाचणं पालकाचंच काम.

हेदवीच्या मुलाशी ठरलं ते इतकंच. कादंबरी सध्या बाजूला. परीक्षा झाली की आजीचं प्रकरण कथा म्हणून सुटं काढायचं, तिच्या बोलीत पुन्हा लिहायचं आणि दिवाळी अंकांकडे पाठवायचं. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवा लेखक वाचकांपुढे येतो तो बहुधा याच दारातून. अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, म्हणून कथा जूनच्या आत गेलेली बरी. टाइप करायला बापाने स्वतःचा मोबाइल रात्री नऊनंतर द्यायचं कबूल केलं आहे.