ठेंगू माडाचीं रोपें व कोंबाचा रंग

नारिंगी ठेंगू माड मूळचा केरळांतील चावक्काड गांवचा. कासरगोडच्या केंद्रीय रोपण-पीक संशोधन संस्थेनें १९९१ सालीं तो शहाळ्यांकरितां प्रसारित केला. बाणवलीसारख्या उंच माडाच्या पोयीसाठीं सहा-सात वर्षें थांबावें लागतें. हा तीन-चार वर्षांतच फुलतो. खोबऱ्याच्या आशेनें मात्र तो कोणीं लावूं नये, कारण त्याचें खोबरें चिवट निघतें. विकत घेतलेलीं रोपें पुष्कळदां भलत्याच जातीचीं निघतात. म्हणून तीं घरींच करावीं, असें आम्ही सुचवितों.

बियाण्याचा नारळ झाडावर अकरा-बारा महिने पक्व झालेला असावा व हालविला असतां आंत पाणी वाजावें. उंच माडाचा नारळ महिना-दोन महिने सावलींत ठेवला तरी चालतो. ठेंगू जातीच्या नारळांतील पाणी लवकर आटतें व त्याची रुजण्याची शक्ति जाते. यासाठीं काढल्यापासून पंधरा दिवसांचे आंत तो वाफ्यांत गेलाच पाहिजे. पाण्याचा निचरा होणाऱ्या रेताड जमिनींत फुटाफुटावर नारळ पुरून वरचा भाग तेवढा उघडा ठेवावा. पाऊस थांबल्यावर पाणी व सावली द्यावी. सहा महिन्यांत न रुजलेले नारळ काढून टाकावे.

आतां महत्त्वाची गोष्ट. उंच माडाच्या एका पोयींतील नरफुलें झडून गेल्यावर मादीफुलें तयार होतात, म्हणून त्यास परक्या परागाची गरज लागते. ठेंगू माडांत हे दोन्ही काळ एकमेकांत मिसळतात. त्यामुळें तो बहुतेक आपल्याच परागानें फळतो व जात टिकते. तथापि शेजारीं उंच माड असल्यास कांहीं फळांत त्याचा पराग शिरतोच. हा भेसळीचा प्रकार रोपांच्या देंठावरून ओळखतां येतो. देंठ नारिंगी असेल तें रोप शुद्ध; हिरवट किंवा तपकिरी असेल तें संकरित. हिरव्या ठेंगू जातींत ही खूण उपयोगी नाहीं.

हिरवट देंठाचें रोप पाहून कित्येकजण तें उपटून टाकतात. आमच्या मतें हें नुकसान आहे. उंच व ठेंगू माडांचा संकर निलेश्वर येथें १९३२ सालींच करण्यांत आला होता. असे संकरित माड जोमदार असतात. त्यांस निराळ्या ओळींत जागा द्यावी. शहाळ्यांच्या ओळींत मात्र नारिंगी देंठाचींच रोपें लावावीं.