छाटकलमांस मुळे आणणारे घरगुती उपाय

दिल्लीच्या आर. के. पुरम या सरकारी वसाहतीतील सज्ज्यांत मोगऱ्याचे किंवा बोगनवेलीचे छाटकलम लावावयाचे, तर पावसाळाच बरा; मे-जूनच्या उष्ण वाऱ्यांत मुळे फुटण्यापूर्वीच काडी वाळते. कापलेल्या टोकास मध, हळद वा दालचिनीची पूड लावण्याची रीत आहे. ही द्रव्ये बुरशीस थोडाफार आळा घालतात. मुळे फुटतात ती ऑक्सिन या वर्गातील संजीवकांमुळे. इंडोल ब्युटिरिक आम्लाचा हा गुण १९३५ मध्ये दिसून आला. बाजारातील बहुतेक चूर्णांत तेच असते. वाळुंजाच्या काटक्या भिजविलेल्या पाण्याची ख्याती मोठी, पण त्यातील द्रव्यांचे प्रमाण दर खेपेस बदलते. त्यापेक्षा डोळ्याच्या किंचित खाली घेतलेला काप, ओली वाळू, सावली आणि काडीवर पालथा घातलेला काचेचा पेला अधिक भरवशाचा.