छातीत दुखते तेव्हा

मुलांनो, आपली मूठ बंद करून पाहा. आपले हृदय साधारण एवढेच असते. दिवसातून सुमारे एक लाख वेळा ते धडधडते आणि सर्व शरीराला रक्त पुरवते. पण हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागते. ते आणणाऱ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्या की हृदयाला रक्त कमी पडते. एखादी वाहिनी एकदम बंद झाली, तर हृदयविकाराचा झटका येतो.

पुष्कळदा झटक्याच्या काही दिवस आधी शरीर इशारा देते. समजा, तुमचे चाचा कापसाचे गाठोडे उचलून चालू लागले. त्यांच्या छातीवर दडपण आले. थोडा वेळ बसल्यावर बरे वाटले. चाचा म्हणतात, "काही नाही, गॅस झाला." आपल्याकडे हे उत्तर नेहमीचेच आहे! पण श्रम केले की दुखते आणि विसावा घेतला की थांबते, ही गॅसची खूण नव्हे. त्यांना लवकर डॉक्टरांकडे न्यावे. चाचा खर्रा खात असतील, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये.

झटका आला, की बसूनही दुखणे थांबत नाही. छातीच्या मध्यभागी ओझे ठेवल्यासारखे वाटते. दुखणे हातात, खांद्यात, पाठीत किंवा जबड्यातही जाते. दम लागतो, मळमळते. यवतमाळच्या उन्हाळ्यात घाम सर्वांनाच येतो. पण कापूस वेचणीच्या थंडीतही अंग थंड घामाने भिजले, तर सावध व्हावे. मधुमेह असलेल्या माणसाला कधीकधी छातीत दुखतही नाही. नानींना एकाएकी दम लागला, त्यांचा जीव घाबरा झाला, तर "थोडे झोपा" असे सांगून चालणार नाही.

अशा वेळी रोग्याला चालू देऊ नका. मोटारसायकलवर बसवू नका. लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. गाव, तालुका आणि घराजवळची खूण नीट सांगा.

यवतमाळला १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे मोठे रुग्णालय आहे. पण उमरखेडहून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर! म्हणून आधी जवळच्या रुग्णालयात ई.सी.जी. काढावा. पहिला ई.सी.जी. चांगला आला तरी दुखणे चालूच असेल, तर तो पुन्हा काढतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांतच चांगले काम करते. म्हणून दुखणे किती वाजता सुरू झाले, ते घड्याळात पाहून कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.