दगडातला दात ओळखताना



२०२२ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मेरिलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या उथळ पाण्यात नऊ वर्षांच्या एका मुलीला सुमारे ५ इंच लांबीचा दात सापडला. तिने तो जवळच्या संग्रहालयात दाखवला. तो मेगॅलोडॉन या नामशेष झालेल्या प्रचंड शार्कचा होता. केवळ एका दातावरून हे कसे कळले?

शार्क म्हणजे आपली मुशी किंवा मोरी. तिचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. कूर्चा लवकर कुजते, दात मात्र टिकतात. शिवाय शार्कचे दात सतत पडतात व नवे येतात. एका शार्कचे आयुष्यात हजारो दात पडतात. म्हणूनच गाळाच्या खडकांत ते पुष्कळ मिळतात. पूर्वी युरोपात त्यांना सापांच्या दगड झालेल्या जिभा समजत. १६६६ मध्ये स्टेनो या शास्त्रज्ञाने इटलीत एका मोठ्या शार्कचे डोके तपासले आणि या 'जिभा' म्हणजे शार्कचेच दात आहेत, हे १६६७ मध्ये मांडले.

दात हाती आला की पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात :

१) कडा : भिंगातून पाहा. मेगॅलोडॉनच्या कडेला बारीक, एकसारखे करवती दाते असतात. ग्रेट व्हाइट शार्कचे दाते जाड व ओबडधोबड असतात. माकोची कड गुळगुळीत असते.

२) आकार : टायगर शार्कचा दात तिरका, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा असतो व त्याला एका बाजूस खोल खाच असते. सँड टायगरचा दात सुईसारखा निमुळता असून बुडाशी दोन्ही बाजूंना छोटी टोके असतात.

३) मूळ : दाताची फुगीर बाजू जिभेकडची. मेगॅलोडॉनच्या या बाजूस मूळ व चकचकीत भाग यांच्यामध्ये इंग्रजी 'व्ही'सारखा रुंद पट्टा दिसतो. ग्रेट व्हाइटला तो नसतो.

रंगावरून मात्र जात ठरवू नये. काळा, करडा, तांबूस हे रंग ज्या गाळात दात पुरला गेला, त्यातील खनिजांमुळे येतात. लाटांनी झिजलेल्या दाताची करवतही नाहीशी होते. अशा वेळी मोठ्या दाताला लगेच 'मेगॅलोडॉन' म्हणण्यापेक्षा वहीत 'शार्क, जात अनिश्चित' असे लिहिणे हेच खरे शास्त्र.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दातावर नसते, ती आपल्या वहीत असते. दात कोठे, कोणत्या थरात, कोणत्या तारखेस मिळाला, ही नोंद ठेवली तर त्याचे वय काढता येते. नोंद नसेल, तर सुंदर दातही केवळ शोभेची वस्तू ठरतो. हौशी संग्राहकांनी नोंदींसह दिलेले नमुने संशोधकांना फार उपयोगी पडतात.

आपल्या गुजरातेतही कच्छमधील पानंध्रो येथे, लिग्नाइटच्या खाणीत शार्कचे जीवाश्म दात मिळाले आहेत. आजच्या त्या रखरखीत भूमीवर एकेकाळी समुद्र होता, याची ही साक्ष! पालकांना विनंती की, मुलांनी सहलीवरून आणलेला दगड फेकण्यापूर्वी "कुठे मिळाला?" एवढे जरूर विचारावे आणि लिहून ठेवायला लावावे.

स्वाध्याय : एका काळ्या दाताची कड गुळगुळीत आहे व टोक झिजलेले आहे. तो माकोचाच आहे, असे खात्रीने म्हणता येईल का? कारण लिहा.