कबुली दिली की सगळं माफ?

प्रश्न : हिचकॉकचा ‘आय कन्फेस’ हा जुना चित्रपट पाहिला. खुनी फादरना खून सांगून मोकळा होतो आणि फादर मात्र स्वतःवर आळ आला तरी गप्प राहतात. कॅथलिक लोकांत खोटं बोलणं आणि खून करणं, दोन्ही एकाच खिडकीवर माफ होतं का? तसं असेल तर आधी ठरवून पाप करावं आणि मग सांगून टाकावं, असं कुणी का करू नये?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खिडकी एकच आहे हे खरं, पण लहान पापं घेऊन तिथं जाण्याची सक्तीच नाही. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

कॅथलिक चर्च सगळी पापं एका मापानं मोजत नाही. मोठं पाप ठरायला तीन अटी आहेत : गोष्ट मुळात गंभीर हवी, ती गंभीर आहे याची करणाऱ्याला पुरती जाणीव हवी, आणि ती त्यानं आपल्या मर्जीनं केलेली हवी. यातली एक जरी अट पुरी झाली नाही, तर ते मोठं पाप धरलं जात नाही. चोरीच्या बाबतीत जुन्या नीतिशास्त्रकारांनी एक व्यवहारी हिशेब लावला होता. ज्याचं गेलं त्याची साधारण दिवसाची कमाई गेली असेल, तर मामला गंभीर. म्हणजे तीच रक्कम मजुराच्या खिशातून गेली तर मोठं पाप, सराफाच्या गल्ल्यातून गेली तर कदाचित लहान. (सराफाला हे सांगायला जाऊ नये. आणि रक्कम फारच मोठी असेल, तर धनी कितीही श्रीमंत असो, पाप मोठंच.)

हा फरक नुसता कमी-जास्तीचा नाही. घरात राहून रुसवेफुगवे झाले तर ते जेवणाच्या पानावर मिटतात; पण जो घर सोडून गेला, त्याला परत येऊन दार वाजवावंच लागतं. लहान पापानं देवाशी असलेलं नातं दुखावतं, मोठ्या पापानं ते तुटतं, असं चर्च मानतं. म्हणून लहान पापं प्रार्थनेनं, उपवासानं, दानधर्मानं, मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) मनापासून भाग घेतल्यानंही धुतली जातात. ती फादरना सांगणं चांगलं, पण बंधनकारक नाही. मोठं पाप मात्र सांगावं लागतं, तेही मोघम नव्हे. कोणतं पाप आणि किती वेळा, हे सांगितलं पाहिजे, असं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं 1551 साली ठरवून दिलं. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं हा नियम त्याहून जुना, 1215 सालचा. एखादं पाप खरोखरच विसरलं तर बाकीच्यांबरोबर त्याचीही क्षमा होते; आठवेल तेव्हा पुढच्या खेपेला सांगायचं. जाणूनबुजून लपवलं, तर सगळं निवेदनच फुकट जातं.

आता तुमच्या युक्तीकडे येऊ. ती तुमच्या आधी सातशे वर्षांपूर्वी एकाला सुचली होती, निदान दांतेच्या महाकाव्यात तरी. ग्विदो दा मोंतेफेल्त्रो हा कसलेला सेनानी उतारवयात फ्रान्सिस्कन संन्यासी झाला. पोप आठवे बोनिफेस यांनी त्याच्याकडे शत्रूचा गड कपटानं घेण्याचा सल्ला मागितला आणि ‘या पापाची क्षमा आत्ताच देऊन ठेवतो’ असा भरवसा दिला. ग्विदोनं सल्ला दिला. मेल्यावर त्याला न्यायला संत फ्रान्सिस आले, पण सैतानाचा दूत आडवा झाला. त्याचा मुद्दा बिनतोड होता : ज्याला पश्चात्ताप नाही त्याला क्षमा नाही, आणि एखादी गोष्ट करायची इच्छा व तिचा पश्चात्ताप एकाच वेळी मनात नांदू शकत नाहीत. ग्विदो नरकात गेला, खुद्द पोपचा शब्द खिशात असताना!

चर्चची शिकवण इथं सैतानाच्याच बाजूची आहे. क्षमा मिळते ती सांगितल्यामुळे नव्हे, पश्चात्तापामुळे. आणि ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय पश्चात्तापाचाच भाग. असा निश्चय करूनही माणूस पुन्हा घसरू शकतो, हे फादरना चांगलं माहीत असतं. त्यामुळे तेच पाप पुन्हा घेऊन आलेल्याला ते परत पाठवत नाहीत. पुन्हा करण्याचा बेत तयार ठेवून आलेल्याला मात्र ते पापक्षमा नाकारू शकतात, आणि त्याचं ढोंग त्यांच्या लक्षात आलं नाही तरी ती क्षमा लागू पडत नाही. पश्चात्तापाचेही दोन प्रकार मानले आहेत. नरकाच्या भीतीनं आलेला कमी प्रतीचा, तरी पापनिवेदनात तो चालतो. देवावरच्या प्रेमापोटी आलेला पूर्ण पश्चात्ताप असेल आणि फादर जवळ नसतील, तर सवड मिळताच पापनिवेदन करीन या निश्चयावर मोठं पापही माफ होतं.

क्षमा झाली तरी देणं फिटत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, कुणाची बदनामी केली असेल तर ती जमेल तितकी भरून काढावी लागते, आणि फादर देतील ते प्रायश्चित्त वेगळंच. सरकारी शिक्षेशी या क्षमेचा संबंध नाही. पापक्षमेला पैसे पडतात हाही गैरसमज. 1517 साली ल्यूथर ज्यावरून भडकला, ती दंडमाफीची पत्रं होती. क्षमेनंतर उरणारी शिक्षा कमी करण्याचा तो मामला. त्याचा बाजार झाला, हे मात्र खरं.

फादरच्या मौनाबद्दल चित्रपटानं अतिशयोक्ती केलेली नाही. ऐकलेलं ते पोलिसांना किंवा न्यायालयाला सांगू शकत नाहीत, सांगणारा मेल्यावरही नाही. मुद्दाम फोडणारा धर्मगुरू तत्क्षणी धर्मबहिष्कृत होतो. खुन्याला ‘पोलिसांत जा’ असं ते समजावू शकतात, त्यापुढे त्यांचे हात बांधलेले.

जाता जाता तुम्ही न विचारलेला एक प्रश्न : कॅथलिक नसलेल्याला जाऊन बसता येईल का? फादरशी मन मोकळं करता येईल. पापक्षमेचा संस्कार मात्र बाप्तिस्मा न झालेल्याला मिळत नाही. नुसतं बोलायला वसईत किंवा गोव्यात जाणार असाल, तर ईस्टरच्या आधीचे दिवस टाळा. त्या वेळी रांगा मोठ्या असतात.